दसऱ्याला पुजलेल्या डिस्का

आमच्या किशोरचं वागणं मला दसऱ्यापासून पटत नव्हतं. एवढा घोडा झाला, पण जन्मात कधी माझ्या हातच्या भाजीला त्यानं बरं म्हटलं नाही. मीठ कमी आहे, तेल जास्त आहे, कालचीच काहून आहे, हेच मी ऐकत आले. आणि आता दोडक्याच्या भाजीवर मान खाली घालून म्हणतो, "मस्त झाली, आई." बायको पाणी द्यायला उठली की म्हणतो, "असू दे, मी घेतो." जेवण झालं की स्वतःचं ताट स्वतः मोरीत नेऊन ठेवतो. शेजारच्या पार्बताबाईनं हे खिडकीतून पाहिलं आणि मला म्हणाली, "सुधारला वं तुहा पोरगा." मी म्हटलं, "सुधारला नाई. याच्या पोटात काहीतरी आहे. मी माय आहे त्याची, मले नको सांगू."

काय आहे ते मात्र कळेना. मी त्याच्या मागेमागे फिरायची. तो गच्चीवर गेला की मी वाळवण बघायच्या निमित्तानं गच्चीवर. तो खाली आला की मी खाली. एका जागी बसवत नव्हतं.

तिकडे सून, रागिणी, तिचीही तीच गत. आमचं घर अमरावतीला साईनगरात आहे. समोरच्या खोलीत तिचा कॉम्प्युटर. मशीन कपड्यावर जे भरतकाम करते, त्याची नक्षी आधी कॉम्प्युटरवर काढावी लागते, हे मलाही आधी माहीत नव्हतं. टाका कुठून निघेल, कुठं वळेल, कोणत्या रंगाचा दोरा केव्हा येईल, सगळं त्यात भरावं लागतं. एकेका नक्षीला तिचे आठ-आठ दिवस जातात. मग ती नक्षी अकोल्याला जाते, जठारपेठेत रुबीनाच्या दुकानात. मोठी मशीन रुबीनाकडे आहे. नक्षी हिची, मशीन तिची, आणि काम दोघींचं. पुऱ्या वऱ्हाडात कोणाकडे नाही अशी कपाशीच्या बोंडाची वेल रागिणीनं काढली होती. मी पहिल्यांदा बघून म्हटलं होतं, कपाशी कोण नेसणार, शेतात काय कमी दिसते. पण त्या वेलीच्या साड्या नागपूरपर्यंत गेल्या. दुकानातल्या पाटीवर रुबीनानं तिचं नाव आपल्या नावाच्या बरोबरीनं लिहिलं, ते या नक्ष्यांच्या जोरावर. माहेरचं नाही, सासरचं नाही, ते तिचं स्वतःचं.

तर दसऱ्यापासून किशोर तिला म्हणे, "कॉम्प्युटरले हात लावू नको. आत काम चालू आहे."

"कायचं काम?" ती विचारायची.

"तुले नाई समजणार. टाइम लागते त्याले."

आणि रुबीनाचा फोनावर फोन. चांदूर रेल्वेची लग्नाची पार्टी होती, नवरीसकट घरच्या सगळ्या बायकांना तीच बोंडाची वेल हवी होती, पण जांभळ्या काठावर. रंग बदलून नक्षी सोमवारपर्यंत पाठव, असं रुबीनाचं म्हणणं. रागिणी खोलीच्या दारापर्यंत जायची, पडदा धरून उभी राहायची, परत यायची. कणीक मळता मळता उठायची. मी म्हटलं, "एक तर बाहेर राय, नाही तर आत. पडद्याले भोकं पडतीन." पण मला माझंच हसू आलं, कारण मीही तेच करत होते.

किशोरच्या त्या पेटीबद्दल सांगायला पाहिजे. पोरगा सरकारी कचेरीत कारकून, पण जीव सगळा कॉम्प्युटरमध्ये. दोन-तीन वर्षांमागं त्यानं टिनाची एक पेटी आणली. डब्याएवढी. आत दोन डिस्का. कॉम्प्युटरमधलं सगळं त्या पेटीत राहतं, आणि एकीवर जे लिहिलं जातं ते त्याच वेळी दुसरीवरही लिहिलं जातं. "एक मेली तरी दुसरी जिवंत, आई," असं तो घरी आलेल्या प्रत्येक माणसाला सांगायचा. पाहुण्याला चहा नंतर, पेटी आधी. रागिणीनं तोवर आपल्या नक्ष्या बोटाएवढ्या पेन ड्राईव्हांमध्ये ठेवलेल्या होत्या, एका स्टीलच्या डबीत. किशोरनं ते सगळे मागून घेतले, सगळं पेटीत भरलं, पेन ड्राईव्ह पुसून कोरे केले आणि कचेरीत नेले. ती म्हणत होती, राहू द्या माझ्यापाशी. तो म्हणाला, "दोन-दोन डिस्का असून तिसरं ठेवतं कोणी? लोकं हसतीन."

यंदा दसऱ्याच्या आधी त्यातली एक डिस्क बिघडली. पेटीचा दिवा लाल झाला. किशोरला उलट आनंद. "पाह्यलं? आता कळीन पेटी काय चीज आहे ते." बिघडलेली काढून दुकानात परत केली, तिच्या जागी तशीच नवी आणली, त्याच कंपनीची, तेवढीच, तशीच काळी. दसऱ्याचा मुहूर्त धरून बसवायची म्हणाला.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारं पुजतात. शेत कसायचो तेव्हा विळे, कुऱ्हाड, वखराची पास पाटावर मांडायचो. आता शेत बटाईनं दिलं आहे, तर रागिणीच्या लहान मशीनच्या सुया, कात्री, किशोरची गाडी. यंदा त्यानं पेटी उघडली आणि जुनी डिस्क आणि नवी डिस्क, दोन्ही काढून पाटावर शेजारी शेजारी मांडल्या. हळद-कुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, वर आपट्याचं पान. मोबाइलवर फोटो काढून साऱ्या गोतावळ्यात पाठवला. मलाही बरं वाटलं. मी नाही म्हणत नाही. मग त्यानं दोन्ही आत बसवल्या, काही बटणं दाबली आणि पुरणपोळी खायला आला. तेव्हा शेवटचा तो धड जेवला.

तर दसऱ्याला आठवडा होत आला, त्या शनिवारी रागिणी दोरे आणायला बाजारात गेली होती. मी समोरची खोली पुसायला घेतली. हात लावू नका म्हटलं होतं, पण माझ्या घरात धूळ किती दिवस राहील हे मी ठरवते. कॉम्प्युटरखाली पुसलं, टेबल पुसलं आणि पेटी उचलली. दिवा हिरवा लागलेला होता. आणि पेटी हातात आली ती एकदम वर. मी भरल्या वजनाच्या हिशेबानं जोर लावला होता, ती पिसासारखी वर आली. तेलाचा पिपा भरलेला आहे का रिकामा, हे बघायला मला आयुष्यात कधी झाकण उघडावं लागलं नाही. पेटी रिकामी होती. रिकाम्या पेटीला वायर लावून दिवा चालू ठेवला होता.

मी ती परत जागेवर ठेवली, फडकं पिळलं आणि ओट्यावर जाऊन उभी राहिले. किशोर दुपारी आला. गाडी लावायच्या आधीच मी विचारलं, "त्या पेटीतलं काय झालं?"

"कुठलं?"

"माह्यासमोर डोळे नको फिरवू. दिवा जळून राहिला अन् आत काईच नाई. कुठं गेल्या डिस्का?"

त्याचं तोंड उतरलं. त्यानं आधी रस्त्याकडं पाहिलं, रागिणी येते का. मग गाडीवर बसल्या बसल्याच बोलायला लागला.

जुन्या डिस्केवर त्यानं कागदाची चिठ्ठी चिकटवली होती, ओळखू यावी म्हणून. पाटावर मांडताना फोटोत ती चिठ्ठी बरी दिसेना म्हणून काढून टाकली. पूजा झाली, हळद-कुंकू पुसलं, आणि जुनी कोणती, नवी कोणती, दोन्ही सारख्याच. त्याला वाटलं, डावीकडची जुनी. पेटीनं विचारलं, कोणत्या डिस्केवरचं कोणत्या डिस्केवर उतरवू. यानं सांगितलं, डावीकडचं उजवीकडे. डावीकडे नवी होती. तिच्यात काहीच नव्हतं. ते काहीच नसलेलं पेटीनं भरलेल्या डिस्केवर उतरवलं, सगळं, टोकापासून टोकापर्यंत, आणि हिरवा दिवा लावून मोकळी झाली.

"एक मेली तरी दुसरी जिवंत, म्हणत होता ना तू," मी म्हटलं.

"तशी सोयच आहे, आई. डिस्क मेली तर. पण माणसानंच उलटं केलं तर दोघीवर उलटंच होते."

"हे तुले आधी माईत होतं?"

तो गाडीची किल्ली फिरवत बसला.

"रागिणीचं सगळं त्याच्यातच होतं?"

"सगळं."

"बोंडाची वेल?"

"सगळं म्हटलं ना, आई."

डिस्का त्यानं अकोल्याला पाठवल्या होत्या. कचेरीतल्या एका माणसाच्या ओळखीचा कोणी सरफराज, गेलेलं परत काढून देतो म्हणे. मी विचारलं, अमरावतीत काय दुकानं मेली? तर म्हणतो, इथं सगळे ओळखतात. म्हणजे बायकोचं काम गेलं त्याची नाही, लोक हसतील याची फिकीर. मी म्हटलं, "उद्या मी येते तुह्यासंग."

"तू कायले?"

"येते म्हटलं."

रविवारी सकाळी रागिणीला सांगितलं, अकोल्याला काम आहे. काय काम ते तिनं विचारलं नाही. एवढी तरी जरब माझी घरात आहे. पण फाटकापर्यंत आली आणि किशोरला म्हणाली, "ते कॉम्प्युटरचं उद्या होऊन जाईन ना? रुबीनाले काय सांगू?" तो चपलेत पाय घालत म्हणाला, "होते, होते."

बसमध्ये मला खिडकी मिळाली, तरी चैन नव्हतं. पदर सोडायचा, बांधायचा. मूर्तिजापूर येईपर्यंत मी किशोरला तीनदा विचारलं, निघेल का रे. तिन्ही वेळा त्यानं वेगळं सांगितलं. आधी म्हणाला निघेल, मग म्हणाला थोडं निघेल, मग म्हणाला, "मले काय माईत, मी काय देव आहे?" त्यावर मी म्हटलं, "नाई, देव नाई. पाटावर मांडणारा आहेस." पुढच्या बाकावरची बाई वळून पाहायला लागली, तेव्हा गप्प झाले.

जठारपेठेत सरफराजचं दुकान म्हणजे एक शटर, आत उघड्या पडलेल्या कॉम्प्युटरांचा ढीग. तो चष्मा कपाळावर ठेवून बोलणारा माणूस, तोंडाला खंड नाही. किशोरनं नाव सांगताच म्हणाला, "अच्छा, वो हल्दीवाले साहब." मग माझ्याकडे बघून, "अम्मा, बसा. डिस्केच्या पिनांमध्ये हळद निघाली. मी म्हटलं, या डिस्केचं लग्न होतं का काय."

"निघालं का काही?" मी विचारलं.

"हळद निघाली." मग माझं तोंड बघून त्यानं मस्करी सोडली. "नाही अम्मा. कोणी फाइल पुसली असती तर मी काढून दिली असती, डिस्क पाण्यात पडली असती तरी हात मारला असता. पण इथं वरून पुरा नवा रंग दिला आहे. खालचं राहिलंच नाही. खोटी उम्मीद देऊन पैसे घ्यायचे, तो माझा धंदा नाही."

किशोर म्हणाला, "एकदा अजून पाहा ना."

"दोनदा पाहिलं भाई."

तेवढ्यात बाजूच्या दारातून चहाचा ट्रे घेऊन रुबीना आत आली. किशोरच्या हे स्वप्नातही नव्हतं की सरफराज रुबीनाचा सख्खा भाऊ आणि भिंतीला भिंत लागून तिचं दुकान. इतकी वर्षं बायको इथं येते, पण आपली बायको कुठं येते, कोणत्या दुकानात बसते, हे या माणसानं कधी पाहिलं नव्हतं. मला रुबीना माहीत होती, दिवाळीला घरी यायची. पण दुकानात मीही कधी पाय ठेवला नव्हता.

"अरे अम्मा, तुम्ही? आणि हे... किशोरभाई ना? रागिणी कुठं आहे?"

सरफराज आपल्या बहिणीकडे पाहू लागला, मग टेबलावरच्या डिस्कांकडे, आणि त्याच्या ध्यानात आलं. "या रागिणीबाजीच्या आहेत?"

रुबीनानं ट्रे खाली ठेवला. चहा कोणाला दिलाच नाही.

किशोरच्या डोक्यात मात्र एकदम उजेड पडला. "तुमच्याकडं तर असतीन ना तिच्या नक्ष्या. ती दरवेळी पाठवते. तुमच्या मशीनमध्ये असतीन."

मलाही हायसं वाटलं. खरंच की, पाठवलेलं ते कुठं जातं?

रुबीना म्हणाली, "नाही ठेवत मी. काम झालं की त्याच दिवशी पुसून टाकते. मशीनवरून पण, कॉम्प्युटरवरून पण."

"काहून?" मीच विचारलं.

"अम्मा, कारागीर येतात, जातात. मागं एकजण दुसऱ्याची नक्षी खिशात घालून गेला, दोन महिन्यांत बाजारात सगळीकडं तीच. रागिणीची नक्षी म्हणजे तिची अमानत. माझ्याकडून फुटली तर तिला तोंड कसं दाखवू? मीच तिला सांगितलं होतं, तुझ्या घरी ठेव, तुझ्या साहेबांनी दोन-दोन डिस्का लावल्या आहेत."

तिनं ते टोचून म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. किशोर भिंतीकडे बघत बसला.

तिनं आम्हाला दुकानात नेलं. भिंतीवर आडव्या दांडीला कापडाचे तुकडे टांगलेले होते, प्रत्येक नक्षीचा एकेक नमुना. बोंडाची वेलही होती, पांढरी, पानाच्या कडेला हिरव्याचा एकच धागा. मी हात फिरवला. किशोर म्हणाला, "हे पाहून परत काढता येईन." रुबीना म्हणाली, "येईल की. टाका न् टाका मोजून. पहिल्यापासून. जांभळा काठ सोमवारी द्यायचा आहे, तो गेला. पार्टीला मी सांभाळीन, पण रागिणीला काय सांगू?" आणि तिनं फोन हातात घेतला.

मी तिचा हात धरला. "नको. त्याच्या तोंडून जाऊ दे."

"अम्मा, ती माझी पार्टनर आहे. मला कळलं आणि मी लपवलं, असं नको व्हायला."

"आज संध्याकाळपर्यंत."

तिनं किशोरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "संध्याकाळपर्यंत. मग मी फोन करीन." नमुने तिनं दांडीवरून उतरवले, घडी घालून पिशवीत भरले आणि पिशवी माझ्याकडे दिली, त्याच्याकडे नाही.

परतीच्या बसमध्ये बोरगाव गेलं आणि तो हळूच म्हणाला, "आई, मी काय म्हणतो."

"म्हण."

"लाईटचं सांगू. लाईट कमी-जास्त झाली अन् डिस्का जळल्या. असं होते बऱ्याच जणाइचं. तू फक्त म्हण, हो, लाईट गेलती. तिले दुःख तर तेवढंच होईन, पण माह्यावर..." पुढचं त्यानं गिळलं.

"अन् रुबीनाले माईत आहे, ते?"

"तिले तू सांगशीन तर ऐकीन. तुले मानते ती."

खरं सांगते, मनात आलं की म्हणावं. पोटचा पोरगा आहे. त्याची पेटी मीच चार लग्नांमध्ये मिरवली होती, आमच्या किशोरचं काही जात नसते म्हणून. आता त्याच बायकांना काय सांगू? लाईट काय, कोणाची नाही जात. वीजवाल्यांना शिव्या दिल्या की सगळे आपल्या बाजूनं होतात. पिशवी मांडीवर होती. मी ती उगाच चाचपत राहिले. बडनेऱ्यापर्यंत माझं काही ठरलं नव्हतं, आणि तो प्रत्येक फाट्यावर विचारत होता, "म्हणशीन ना आई?"

घरी आलो तेव्हा रागिणी अंगणातच होती. उन्हं उतरली होती. तिनं माझ्या हातातली पिशवी घ्यायला हात पुढं केला आणि पिशवीच्या तोंडातून आपला नमुना ओळखला. बोंडाची वेल.

"हे तर रुबीनाच्या दुकानातले. तुमी तिथं गेलते?"

मी ओट्यावर बसले. किशोर उभाच.

"आई, काय झालं? हे काहून आणले?"

किशोर घसा खाकरून म्हणाला, "रागिणी, बस आधी. ते काय झालं, दसऱ्याच्या दिवशी लाईट..."

तो माझ्याकडे पाहत होता. तीही माझ्याकडे पाहायला लागली. आणि तिचा चेहरा पाहिल्यावर कळलं की मी हो म्हटलं तर ती मान डोलावणार. माझ्या शब्दावर तिनं आजवर कधी दुसरा प्रश्न विचारला नव्हता.

"लाईट नाई गेली," मी म्हटलं. "किशोर, लाईटचं नाव नको घेऊ. तूनं रिकामी डिस्क भरल्या डिस्केवर चढवली, अन् मंग रिकाम्या पेटीले दिवा लावून हिले आठ दिवस पडद्यामागं उभं ठेवलं. हिच्या नक्ष्या गेल्या, सगळ्या, बोंडाची वेलबी. ते चुकून झालं, ते मी सोडते. हिच्यापासचे पेन ड्राईव्ह मागून नेले अन् कोरे केले, ते चुकून नाई. आता पुरं काय झालं ते तिले तू सांग, पयल्यापासून, मी इथं बसली आहे. अन् ऐक. नवीन जे निघीन त्याची एक प्रत हिच्यापाशी राहीन, एक रुबीनाच्या कपाटात कुलपात, अन् दोन्हीले तुहा हात लागणार नाई. हे नमुने पाहून ती परत काढीन, त्यात तुले पाशी बसू देते का नाई, ते तिचं ती पाहीन. मी तुह्यासाठी एक शब्द टाकणार नाई."